विंचवाचं बिऱ्हाड जमिनीखाली: पाळीव विंचवाचं बीळ आणि खाणं

ज्याला घरदार नाही, वळकटी उचलली की निघाला, अशा माणसाबद्दल आपण म्हणतो, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. नाशिकच्या फ्लॅटमध्ये सहा वर्षं विंचू पाळल्यावर मला ही म्हण अर्धीच पटते. पाठीवर असतात ती पिल्लं, तीही फक्त आईच्या, जन्मल्यापासून पहिली कात टाकेपर्यंत. घर मात्र असतं आणि ते जमिनीत असतं. ते तो स्वतः खणतो, डागडुजी करतो, मनात आलं की दार लावून घेतो.

नवख्यांची फसगत इथेच होते. काचेची पेटी येते, तळाला दोन बोटं माती पडते, वर शोभेचा दगड बसतो, आणि आठ दिवसांनी फोन येतो: "दादा, खातच नाही हो." अरे, पण तो राहणार कुठे? उघड्यावर बसलेला विंचू शिकारीच्या विचारात नसतो, लपायच्या विचारात असतो. म्हणून खाण्याचा प्रश्न आधी मातीत सोडवायचा. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो.

पहिलं: कोणता विंचू, आणि कागद

नाशिककडे विंचू म्हटलं की माणसांना दोन आठवतात. सरपणात किंवा दगडाखाली सापडणारा लालसर, आणि जाडजूड काळी इंगळी. लाल विंचू, शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस, हा पाळायचा विषयच नाही. त्याचं विष थेट हृदयावर येतं, लहान मुलं दगावतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि कोकणातले मृत्यू फार कमी झाले. त्यांना २०२२ साली पद्मश्रीही मिळाली. पण औषध निघालं म्हणून लाल विंचू काचेत ठेवण्याजोगा होत नाही. घरात लहान मूल असेल तर नाहीच नाही.

इंगळीही डोंगरावरून उचलून आणू नका. पांडवलेणी असो, चामरलेणी असो की अंजनेरी, तिथे दिसली तर बघा, फोटो काढा, दगड होता तसा परत ठेवा. दगड उलटा टाकून निघून जाणाऱ्या ट्रेकरांचा मला भयंकर राग येतो. त्या दगडाखालची ओल टिकायला पावसाळे गेलेले असतात.

नवख्यासाठी मी सुचवतो तो सम्राट विंचू, पँडिनस इम्परेटर. मूळचा पश्चिम आफ्रिकेचा, घाना, टोगो, नायजेरिया या पट्ट्यातला. काळाकुळकुळीत, मोठा, नांगीसकट वीतभर. स्वभावाने संथ. ढोबळ ठोकताळा असा की ज्याचे पुढचे डेंगे खेकड्यासारखे जाड आणि नांगी बारीक, त्याची भिस्त डेंग्यांवर, आणि ज्याचे डेंगे काटकुळे, नांगी जाड, त्याची भिस्त विषावर. अपवाद आहेत, पण सम्राट नियमात बसतो. नांगी मात्र त्यालाही आहे आणि ती शोभेची नाही.

आता कागद. सम्राट विंचू १९९५ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि साइट्समधले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांच्या नोंदणीचे नियमही आले. नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची. प्राणी जवळ आला, त्याला पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, मेला, प्रत्येक गोष्ट कळवायची. त्यामुळे विकत घेताना पहिला प्रश्न किंमत नाही, "नोंद आहे का?" हा विचारा. घरी जन्मलेलं पिल्लू, माहितीतल्या माणसाकडून आणि कागदासकट घ्या. "नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

दुसरं: माती

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मं यश मातीत आहे.

एका विंचवाला दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचपेटी पुरते. मत्स्यालयाच्या दुकानात सांगितली की बनवून देतात. झाकण जाळीचं, कडीचं हवं. गुळगुळीत काचेवर विंचवाला चढता येत नाही, पण कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या रेघेवर पाय रोवत तो वर जातो. कडी नसलेलं झाकण त्याने डोक्याने उचललेलं मी पाहिलंय.

मातीचा थर किमान १५ सेंटीमीटर, जमल्यास १८. या पेटीत १८ सेंटीमीटरला साधारण २४ लिटर माती लागते. मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग माती घेतो. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट पाण्यात फुगून आठेक लिटर होते, म्हणजे दोन विटा बास. द्राक्षाची आणि भाजीपाल्याची रोपवाटिका प्रत्येक रस्त्याला असलेल्या या जिल्ह्यात कोकोपीटला तोटा नाही. ते नुसतं, खत न मिसळलेलं घ्या. नर्सरीत कुंडीसाठी तयार मिळणारं मिश्रण घेऊ नका, त्यात खत असतं आणि कधी कधी दाणेदार कीटकनाशकही. विंचू किडा नसला तरी कोळ्याचा भाऊबंद आहे. किड्याला जे मारतं ते त्यालाही मारतं.

माती कोणती? काळी नको. आपली काळी पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते, शेतात दिसतं तेच पेटीत होतं आणि बीळ ढासळतं. त्र्यंबक-घोटीकडची तांबडी माती छान, नाहीतर नदीकाठचा पोयटा. शेताच्या बांधावरची मात्र नको, फवारणी तिथवर येते. आणली की चाळायची, चार दिवस गच्चीवर कडक उन्हात पसरायची, मग मिसळायची. नुसत्या कोकोपीटमध्ये बीळ धरत नाही. तो खणतो, छत बसतं, तो पुन्हा खणतो, आणि शेवटी कंटाळून कोपऱ्यात बसतो.

ओल किती? मूठभर मिश्रण दाबा. लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. लाडू फुटला तर कोरडं, गळलं तर जास्त.

भरताना क्रम पाळा. जड दगड ठेवायचा असेल तर तो सगळ्यात आधी, थेट काचेच्या तळावर. माती नंतर त्याच्या भोवती. मातीवर दगड ठेवला की विंचू त्याच्याखाली खणतो, आधार जातो आणि दगड त्याच्यावर बसतो. विंचवाला दगडाखालीच खणायला आवडतं, त्यामुळे हे आज ना उद्या होणारच. मग चार-चार बोटांचे थर टाकत हाताने दाबत जा, गणपतीची शाडू थापतो तितकं. वर सालीचा एखादा तुकडा किंवा अर्धी फुटकी कुंडी पालथी ठेवा.

आता एक युक्ती. घरातलं लाटणं घ्या, म्हणजे जुनं, आईला विचारून, आणि समोरच्या काचेला लागून, कुंडीच्या तोंडापासून तिरकं खाली खुपसा. साधारण तीस अंशाचा उतार, वीतभर लांब. ही झाली सुरुवात. पुढचं तो बघून घेतो. पण बीळ काचेला लागून सुरू झाल्याने आतली खोली बाहेरून दिसते. त्या काचेवर बाहेरून काळा कागद चिकटवा, फक्त वरच्या कडेला, म्हणजे उचलता येतो. रात्री मंद लाल दिव्यात कागद उचलून मिनिटभर बघा आणि सोडा. माझ्याकडची आक्का (नाव आईने ठेवलं, "काळी आणि कडक, म्हणून आक्का") पहिल्या वर्षी मी अशीच पाहिली. नाहीतर विंचू पाळणं म्हणजे मातीची पेटी पाळणं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तिसरं: ऊब आणि ओल, नाशिकच्या हिशोबाने

सम्राटला २५ ते ३० अंश तापमान आणि दमट हवा लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली येतो, निफाडला तर त्याहूनही खाली, आणि एप्रिलमध्ये चाळिशीच्या आसपास कोरडी झळ. दोन्ही त्याच्या सोयीचं नाही.

थंडीसाठी गरम होणारी चटई मिळते, हीट मॅट. ती पेटीच्या खाली लावू नका. मी लावली होती. जमिनीखाली गारवा असतो हे विंचवाच्या रक्तात आहे. वर तापलं की तो खाली खणतो. आणि खालीच चटई असेल तर तो जितका पळतो तितका तव्याकडे जातो. शिवाय तळाची ओल आटते ती वेगळीच. माझा पहिला विंचू एका सकाळी पाण्याच्या वाटीत पाय सोडून बसलेला दिसला तेव्हा मी मातीत बोट घातलं, तळ भाकरीच्या तव्यासारखा. चटई एका बाजूच्या काचेला, उभी, थर्मोस्टॅट लावून २८ वर. दुसरी बाजू गार राहू द्या, म्हणजे कुठे बसायचं ते तो ठरवेल. लाइट गेली तर पेटीभोवती गोधडी, वरची जाळी मोकळी.

पाणी वरून शिंपडत बसू नका. वरचा थर चिखल आणि तळ कोरडा, असं उलटं होतं. द्राक्षाला ठिबक कशासाठी लावतात? पाणी मुळाशी जावं म्हणून. इथेही तेच. माती भरतानाच एका कोपऱ्यात अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा तळापर्यंत उभा करा आणि आठवड्यातून एकदा त्यातून कपभर पाणी सोडा. वरचा थर कोरडसर, खालचा ओला, आणि विंचू आपल्याला हवी ती खोली निवडतो. एप्रिल-मेमध्ये दोनदा. पावसाळ्यात बहुधा नाहीच. तेव्हा बुरशी ही डोकेदुखी असते, आणि तिच्यावर औषध म्हणजे हवा. स्प्रिंगटेल नावाचे पांढरे बारीक जीव मिळतात, ते बुरशी खातात. मिळाले तर सोडा.

वर एक उथळ वाटी पाण्याची, कायम. विंचू पाणी पितो.

चौथं: सोडा आणि हात आवरा

पहिले काही दिवस तो काचेच्या कडेकडेने फेऱ्या मारेल. कधी दोन आठवडे खणणार नाही. मग एका सकाळी कुंडीच्या तोंडाशी मातीचा ढीग दिसेल. खणताना तो पुढच्या पायांनी माती खरवडून पोटाखालून मागे लोटतो, ती साठली की वळून डेंग्यांनी बाहेर ढकलतो. रात्रभर. बिळाचं तोंड त्याच्या अंगापेक्षा थोडंच रुंद असतं, आणि आत वळायला जागा होईल अशी एक खोली.

बीळ उकरून "जिवंत आहे ना" हे बघू नये. एवढा एकच नियम पाळलात तरी पुष्कळ. त्याऐवजी बाहेरून वाचायला शिका.

ढीग ताजा, ओला, रोज थोडा वाढतोय: काम चालू आहे, मंडळी खुशीत.

दिवसभर वरच बसून राहतो: खाली चिखल झालाय किंवा खालून तापतंय. पाइपचं पाणी थांबवा, चटई तपासा.

सारखा वाटीपाशी: माती कोरडी.

पाय ताठ करून अंग जमिनीपासून उचलून उभा: गरम होतंय. पोटाखालून वारा जावा म्हणून तो टाचा उंचावतो. लगेच गार जागी न्या.

अंग जमिनीला टेकलेलं, नांगी एका कुशीला आडवी: काही झालेलं नाही. आराम करतोय. "नांगी टाकणे" आपण हार मानण्याला म्हणतो, पण ज्याने हा शब्दप्रयोग काढला त्याने झोपलेला विंचू बघितला असावा.

बिळाचं तोंड मातीने बंद: ह्यावर पुढे सांगतो. तोवर उघडू नका.

मोजदाद करायची असेल तर अतिनील टॉर्च ठेवा, नोटा तपासायला वापरतात तसला. विंचू त्यात हिरवट-निळा चमकतो. नुकती कात टाकलेला चमकत नाही, कवच टणक होईल तसतसा उजळतो. हा टॉर्च त्याच्यावर धरून ठेवू नका, त्याला त्रास होतो. पेटीतून निसटला तरी हाच टॉर्च कामाचा: घर अंधारं करा, भिंतीच्या कडा, पडद्यांची टोकं आणि चपलांचा रॅक. आमच्याकडे एकदाच झालं. चपलेत नव्हता, फ्रिजमागे होता, उबेला. त्या रात्री आईने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पाचवं: खाणं

बीळ झाल्यावर चार-पाच दिवस थांबा. मग पहिला घास.

काय द्यायचं? रातकिडे, मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या), डुबिया जातीची झुरळं. हे सगळं पाळलेलं, विकत घेतलेलं किंवा घरी वाढवलेलं. मीलवर्म वाढवणं सोपं: प्लास्टिकच्या डब्यात चार बोटं गव्हाचा कोंडा, वर गाजराची चकती, झाकणाला भोकं. कुबट वास आला तर गाजर कुजलंय. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, पालक खाऊ घाला, कारण त्यांच्या पोटातलं तेच विंचवाच्या पोटात जाणार.

बाहेरून पकडलेला किडा नको. हे मी फार मोठी किंमत देऊन शिकलो. दिंडोरीकडे नातेवाइकांची बाग आहे. नोव्हेंबरात गेलो होतो, बांधावर टपोरे नाकतोडे उड्या मारत होते, बरणीभर घेऊन आलो. नाकतोडे ठणठणीत दिसत होते. दोन दिवसांनी विंचू वाकडा चालायला लागला, नांगी थरथरत होती, चौथ्या दिवशी गेला. द्राक्षाला छाटणीनंतर किती फवारण्या होतात हे नाशिकच्या माणसाला मी काय सांगावं? नाकतोडा मरण्याइतकं त्याच्या अंगावर नव्हतं, पण तीन-चार नाकतोडे पोटात गेल्यावर विंचवाला पुरून उरलं. घरातलं झुरळही नको, ते शेजारच्यांच्या स्प्रेमधून फिरून आलेलं असतं. आणि पेटी असलेल्या खोलीत कीटकनाशकाचा स्प्रे, खडू, डासांची उदबत्ती सगळं बंद. कामाला येणाऱ्या मावशींना हे स्वतः सांगा, चिठ्ठीवर भरोसा ठेवू नका.

किती मोठा? डेंग्याच्या आकाराएवढा किडा, त्याहून मोठा नको. मोठ्या विंचवाला आठ-दहा दिवसांतून एक. खरंच एवढंच. पिल्लाला आठवड्यातून दोनदा, बारीक, आणि शक्यतो डोकं चेचलेला. "बिचारा उपाशी आहे" ही आपली माया आहे, त्याची भूक नव्हे. विंचवाचं इंजिन फार हळू चालतं, एका भरपेट जेवणावर तो आठवडेच्या आठवडे काढतो, काही जाती महिनोन्महिने. जाडावलेल्या विंचवाच्या पोटाच्या पट्ट्यांमधली फिकट त्वचा ताणून दिसायला लागते. अशी दिसली आणि कात टाकायचं वय नसेल, तर दोन आठवडे सुट्टी.

कधी? दिवे मालवल्यावर, रात्री नऊ-दहाला. कसं? फूटभर लांब चिमट्याने किडा बिळाच्या तोंडापासून चार बोटांवर सोडा आणि मागे सरका.

आता बघा. यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

थोड्या वेळाने बिळाच्या तोंडाशी दोन डेंगे दिसतील, उघडे, स्थिर. तो बाहेर येत नाही. डोळे आहेत, डोक्यावर मधोमध दोन आणि कडेला आणखी, पण त्यांच्यावर त्याचा फार भरवसा नाही. तो पायांनी ऐकतो. पायांच्या सांध्यांजवळ बारीक चिरा असतात, त्यांना जमिनीतली थरथर कळते. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातल्या विंचवांवर फिलिप ब्राउनेल यांनी १९७० च्या दशकात प्रयोग केले. अर्ध्या मीटरच्या आत वाळूत हालचाल करणाऱ्या किड्याची दिशा विंचू नुसत्या कंपनांवरून ओळखतो, हे त्यात दिसलं. डेंग्यांवरचे लांब केस हवेची झुळूक टिपतात. त्यामुळे तुम्ही टेबलाला टेकून उभे असाल तर त्याला आधी तुम्ही कळता, किडा नंतर. टेबलापासून लांब उभे राहा, मोबाइल कंपनावर टेबलावर ठेवू नका. गंमत नाही सांगत. आक्का एकदा माझ्या फोनवर धावून काचेला धडकली होती.

किडा टप्प्यात आला की एक झडप. वयात आलेला सम्राट बहुतेक वेळा नांगी वापरत नाहीच, डेंग्यातच चुरतो. पिल्लं मात्र नांगी मारतात, त्यांच्या डेंग्यात जोर नसतो. मग घास धरून तो उलट्या पावली बिळात शिरतो. आत जेवण तासन् तास चालतं. तोंडापाशी दोन छोट्या कातऱ्या असतात, त्यांनी तो किडा कुस्करत राहतो, पाचक रस बाहेरच सोडतो आणि झालेलं पातळ ओढून घेतो. घन काही गिळत नाही. उरतो तो टरफलांचा चुरगळलेला गोळा. एक-दोन दिवसांत तो बिळाच्या दाराशी आणून टाकलेला दिसेल. आक्का हे फार शिस्तीत करते, दाराच्या डाव्या बाजूला, नेहमी तिथेच. गोळा उचला, नाहीतर बुरशी आणि माइट, म्हणजे अगदी बारीक किडे. गोळा दिसला म्हणजे जेवण झालं, बीळ उघडून बघायची गरज नाही.

सकाळपर्यंत किडा फिरताना दिसला तर काढून घ्या. उपाशी रातकिडा कात टाकणाऱ्या मऊ विंचवाला कुरतडतो. मीलवर्म तर सोडताच मातीत शिरतो आणि काही आठवड्यांनी भुंगेरा होऊन वर येतो. म्हणून त्याचं डोकं चेचून द्या किंवा खडबडीत कडेच्या बाटलीच्या झाकणात ठेवा, म्हणजे विंचू चढतो आणि अळी लगेच पळत नाही.

उंदराचं पिल्लू, पाल वगैरे देऊन व्हिडिओ काढणारे आहेत. त्याची काही गरज नसते. आफ्रिकेतही सम्राटचं पोट वाळवी आणि किड्यांवरच भरतं, बऱ्याचदा तर तो वाळवीच्या वारुळातच मुक्काम ठोकतो.

खात नाही तेव्हा

आधी कॅलेंडर बघा. थंडीत आक्का पाच-सहा आठवडे घासाला शिवत नाही, चटई असूनही. मग बिळाचं तोंड बघा. वाढत्या वयाच्या विंचवाने खाणं सोडलं, अंग फुगलेलं, चाल जड, आणि दार मातीने बंद केलं, तर तो कात टाकणार आहे. यात आठवडे जातात. तुमचं काम एकच, पाइपमधून ओल राखणं. कोरड्या हवेत जुनं कवच सुटत नाही आणि पाय अडकून विंचू मरतो. कात टाकल्यावरही आठ-दहा दिवस घास नको, कातऱ्या टणक व्हाव्या लागतात.

यातलं काहीच नसेल, म्हणजे ऋतू बरा, दार उघडं, अंग हडकलेलं, तरी खात नाही, तर माती तपासा, स्प्रे तपासा, आणि चेचलेला मीलवर्म दारात ठेवून झोपा. कितीदा तरी एवढ्यावर भागतं.

हात

हातावर घेऊ नका. तो माणसाळत नाही, सहन करतो, आणि पडला तर पोट फुटतं. पेटीत हात घालायची वेळ आलीच तर लांब चिमटा आणि प्लास्टिकचा डबा. सम्राटचा डंख बहुतेकांना गांधीलमाशीएवढा लागतो, पण ॲलर्जी कुणाला आहे हे आधी कळत नाही. घाम, धाप, छातीत धडधड, उलटी, यातलं काहीही झालं तर थेट मोठं सरकारी रुग्णालय, मंत्र-पाला नाही. आणि जात कोणती ते डॉक्टरांना नीट सांगा, आपल्याकडे विंचू म्हटलं की समोरचा लाल विंचूच धरून चालतो.

दार बंद, पण कात नाही

हे लिहीत असताना आक्काने दार लावून घेतलंय. आज बाविसावा दिवस. ती पूर्ण वाढलेली आहे, आता कात टाकत नाही. माती ओली आहे, चटई २८ वर आहे. गेल्या वर्षी पुण्याच्या एका मित्राने नर पाठवला होता, कागदासकट, पंधरा दिवसांसाठी. सम्राटची मादी पिल्लं पोटात सात-आठ महिने, कधी वर्षभरही वागवते, आणि अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. तेव्हा अंदाज तुम्हीही बांधू शकता. आई रोज सकाळी चहा हातात घेऊन पेटीपाशी उभी राहते आणि "झाली का बाळंतीण?" असं विचारते.

तुमच्याकडे असं झालं तर: पाइपचं पाणी नेमाने, अर्धा कप, हळू. काळा कागद चार दिवसांतून एकदा, तेही अर्धं मिनिट. घाबरलेली आई पिल्लं खाते. पांढरी पिल्लं पाठीवर दिसली की त्यांना काही भरवायचं नाही, पहिली कात टाकेपर्यंत ती पाठीवरच राहतात आणि खात नाहीत. आईसाठी एक चेचलेला रातकिडा दारात. खाल्ला तर ठीक, नाही तर सकाळी उचला. पिल्लं खाली उतरून हिंडायला लागली की आईपासून लगेच तोडायची घाई नको, सम्राट विंचू कुटुंबाने राहतो आणि आईने चुरलेल्या घासावर पिल्लंही तुटून पडतात. मोजा, अतिनील टॉर्चने, दोन-तीन रात्री, आकडा जुळेपर्यंत. तो आकडा परिवेशवर भरायचा आहे.